भास्करला कुणी विचारू नका

सुक्या जवळ्याची पुडी एकदा कपाटात ठेवली की पुडी काढून टाकली तरी वास कपाटातच राहतो. आमच्या घरात मलेशियाचं तसं झालंय. माणसं परत आली, बॅगा फाटल्या, तिकडून आणलेला मिक्सर बंद पडला, पण रविवारी बोईसरला आमच्याकडे सगळे जेवायला जमले की कुणीतरी तोंड उघडतं आणि वास सुटतो. तिकडे इतकी वर्षं काम काय केलं, काय बघितलं, हे कुणी सांगत नाही. सांगतात ते एकच. निघताना टॅक्स कसा भरला.

मी शाळेत गेले नाही. सही येते, ती सुनेने शिकवलेली. तेव्हा टॅक्स म्हणजे काय ते मला विचारू नका. टॅक्सच्या ऑफिसात काय काय झालं ते विचारा, कारण शेवटी शेवटी मीच तिथे बाकावर बसलेली असायचे. मी सांगते आणि सून मोबाईलवर उतरवते. तिला नको असलेलं ती गाळते, म्हणून मी सगळं मुलाकडून परत वाचून घेते.

माणसं फार नाहीत. माझा मुलगा नरेश, तारापूरच्या केमिकल कंपनीत होता, तिथून मलेशियातल्या एका कारखान्यात लागला. त्याची बायको वैशाली. आणि त्याच्याबरोबर गेलेले दोघे. एक दिनेश, मूळचा साताऱ्याकडचा. त्याचा बाप इकडे कारखान्यात कामाला आला आणि बोईसरजवळ पाम गावात घर बांधून राहिला. दुसरा भास्कर, किनाऱ्यावरच्या दांडी गावचा, मच्छीमाराचा मुलगा, वेल्डर. मी दांडीची माहेरवाशीण, म्हणून भास्कर मला आते म्हणतो. दिनेश काकू म्हणतो. दोघं वरच्या मजल्यावर राहायचे आणि जेवायला खाली. मी पाहुणी म्हणून गेले होते आणि पोळ्या लाटत होते.

* * *

एक दिवस नरेश कामावरून आला, चपला न काढता खुर्चीत बसला.

"आई, इथलं काम संपलं. आपण सगळे परत जायचं. पण आधी इथल्या सरकारला कळवायला लागतं. टॅक्सचा सगळा हिशोब मिटवायचा. सरकारचं पत्र आलं की मगच कंपनी तिकीट हातात देणार."

मी म्हटलं, "बरोबरच हाय. कुणाच्या घरी राहिलो तर निघताना सांगून निघावं."

दिनेश ताटावर होता. "काकू, पाहुण्याच्या घरनं निघताना जेवणाचं बिल देत्यात का वो?"

"तू देत नाय. म्हणून सांगायला लागते."

सगळे हसले. भास्कर नाही हसला. त्याच्या बापाचा, हरीतात्यांचा, सकाळीच फोन आला होता. दांडीला त्यांची नवी होडी तयार झाली होती. भास्करने परदेशात जे मिळवलं ते सगळं त्या होडीत गेलं होतं. होडी बांधली ती किनाऱ्यावर खूप वर, तिथवर साध्या भरतीचं पाणी येत नाही. पुनवेचं मोठं उधाण यावं लागतं. हरीतात्यांनी खलाशी ठरवून ठेवले होते, पण खलाशी काही वाट बघत बसत नाहीत. उधाण चुकलं की ते दुसऱ्याच्या होडीवर गेले. आणि तात्यांचा हट्ट असा, की होडीला पहिला हात भास्करचा लागणार, नाहीतर होडी तिथेच उभी राहील.

"पुनवेला मी दांडीला पायजे, आते," भास्कर म्हणाला.

नरेश म्हणाला, "त्यात काय? ऑफिसात जायचं, दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची, सही करायची. झालं."

दोन प्रश्न. ते दोन प्रश्न काय असतात हे नरेशने तेव्हाच सांगितलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

* * *

पहिला गेला दिनेश. आमच्या जुन्या वर्षांच्या कागदांत काहीतरी अर्धवट राहिलं होतं म्हणून एकेकाने स्वतः जायचं होतं. काउंटरला एक बाई होत्या, पुष्पा मॅडम. तमिळ घरातल्या, पण आजोबांपासून मलेशियाच्या. केस घट्ट बांधलेले, कपाळावर बारीक टिकली. त्यांनी कॉम्प्युटर फिरवून दिनेशला आकडा दाखवला.

दिनेश बोईसरच्या बाजारात मेथीच्या जुडीसाठी अर्धा तास उभा राहणारा माणूस. त्याने आकडा बघितला, मान हलवली.

"मॅडम, लास्ट प्राइस?"

मॅडमना वाटलं आपल्याला नीट कळलं नाही. त्या म्हणाल्या, ही प्राइस नाही, हा टॅक्स आहे.

"ते ठीक हाय. पर फायनल बोलो."

मॅडम म्हणाल्या, हेच फायनल. दिनेशने पासपोर्ट तिथेच टाकला, "रहने दो" म्हणाला आणि उठून चालायला लागला. बाजारात चालतात तसा, हळूहळू, कान मागे ठेवून.

"मिस्टर दिनेश!" मॅडमनी खरंच हाक मारली. त्याच्या कागदात बायकोचा रकाना कोरा होता. लग्न झालेल्याला तिकडे सूट मिळते. मॅडमनी रकाना भरला आणि आकडा खाली आला.

घरी आल्यावर नरेशने विचारलं, "अरे, बायकोचा रकाना कोरा का सोडलास?"

"ती हितं नव्हती न्हवं. मला वाटलं, तेवढंच सुख."

आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पण बघितलंत का काकू? चार पावलं चालल्यावर हाक मारत्यातच. सरकार असूंदे न्हाईतर भाजीवाली."

* * *

नंतर नरेशची पाळी. तिकडे पुस्तकं घेतली, खेळायचं सामान घेतलं तर टॅक्समध्ये सूट असते, पण पावती दाखवायला लागते. नरेशने क्रिकेटचं सगळं सामान घेतलं होतं. पावत्या शोधायला त्याने अख्खं घर उलटं केलं. कपाटं काढली, गादी उचलली, वैशालीशी भांडला. वैशाली माझ्याशी बोलेना. शेवटी मी विचारलं, "काय शोधताव?"

"पावत्या, आई. दुकानातल्या पावत्या."

"मग मला विचारायचं ना. त्या बोंबलाच्या डब्यात हायेत."

माझ्या घरात महत्त्वाची वस्तू सुक्या बोंबलाच्या डब्यात राहते. लग्नातली नथ मी त्याच डब्यात ठेवली होती. धान्याच्या डब्यात चोर पहिला हात घालतो. बोंबलाचा डबा उघडून कुठला चोर आत बघतो ते मला दाखवा.

वैशालीने पावत्या उन्हात टाकल्या, पावडर लावली, शेवटी अत्तरसुद्धा शिंपडलं. आता त्यांना बोंबलाचा आणि अत्तराचा असे दोन्ही वास यायला लागले.

नरेश मान खाली घालून गेला. पुष्पा मॅडमनी पाकीट उघडलं. शेजारच्या काउंटरवरचा माणूस उठून उभा राहिला. मॅडमनी पावती नाकाजवळ नेली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "इकान?"

इकान म्हणजे तिकडे मासा. तो शब्द मला पहिल्याच दिवशी बाजारात कळला होता.

नरेशला वाटलं आता दंड होणार. मॅडम म्हणाल्या, पावत्या चालतील. पण हे कुणी वाळवलंय? आमच्याकडचा मासा असा वास देत नाही.

नरेश घरी आला आणि म्हणाला, "आई, मॅडमनी तुला बोलावलंय."

"काय केलं मी?"

"काही नाही. बोंबील कसे वाळवायचे ते विचारतायत."

मग मी गेले. ऑफिसात कुठे काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं, पण समोर मासेवाली बसायची ती खूण. मॅडमना मी हाताने दाखवलं, दोन बोंबील एकमेकांच्या तोंडात कसे अडकवायचे आणि दोरीवर कसे टाकायचे. त्यांच्या मागे चारजणी येऊन उभ्या राहिल्या. नरेश मधे इंग्रजीत समजावून देत होता. शेवटी मॅडम त्याला म्हणाल्या, तुम्ही थांबा, आम्हाला समजतंय.

* * *

पुढचं कळायला दांडीची एक गोष्ट आधी सांगायला हवी.

समुद्रावर निघालेल्या माणसाला कुठे चाललास, कधी येणार, असं विचारायचं नसतं. हे सगळ्यांनाच माहीत आहे, पण दांडीत ते माहीत असून भागत नाही, पाळायला लागतं. कुणी विचारलंच तर माणसाने मागे फिरायचं, जरा बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नव्याने निघायचं. माझा बाप तर पाणी पिऊन झाल्यावर पायसुद्धा धुवायचा, म्हणजे निघाल्याची खूण पुसली जाते म्हणे.

मी लहान असताना आमच्याकडे बँकेत एक नवे साहेब आले. वरच्या गावाकडचे, स्वभावाने फार चांगले. सकाळी फिरायला किनाऱ्यावर आले. समोरून पहिली होडी घेऊन जाणारे निघालेले, खांद्यावर जाळी. साहेब हसून म्हणाले, "नमस्कार. कुठे निघालात?"

पहिल्याने जाळी खाली ठेवली आणि वाळूत बसला.

साहेब पुढे गेले. "नमस्कार मंडळी. काय, कुठे?"

ती मंडळी बसली. असे साहेब किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, आणि त्यांच्या मागे सगळा किनारा बसत गेला. बायका घरातून पाण्याचे तांबे घेऊन धावत सुटल्या. वळून बघितलं तर साहेबांना इतका आनंद झाला. त्यांना वाटलं, आपल्याशी गप्पा मारायला बसलेत. तेही बसले. सगळ्यांची विचारपूस करत बसले, म्हणजे परत तेच विचारत बसले.

पाणी उतरून गेलं, होड्या वाळूतच राहिल्या. त्या दिवशी दांडीत घरोघर डाळ शिजली.

* * *

तर भास्कर गेला टॅक्सच्या ऑफिसात.

पुष्पा मॅडम हसून म्हणाल्या, "मिस्टर भास्कर, कुठे निघालात? कधी जाणार?" देश सोडून जाणाऱ्याला पहिले दोन प्रश्न तेच असतात. कायद्यातच तसं आहे.

भास्कर उठला, थँक यू म्हणाला आणि घरी आला. आला तो बसला आणि म्हणाला, "आते, पाणी द्या."

नरेशला वाटलं, काम झालं. संध्याकाळी विचारलं तर भास्कर म्हणे, "नाय झालं. तिने विचारलान."

"मग सांगायचं ना, भारतात चाललोय म्हणून."

"निघालेल्या माणसाला विचारते ती, नरेशदादा. मी काय करू?"

"तू ऑफिसात गेला होतास, समुद्रावर नाही."

"होडीच्याच कामाला गेलेलो ना? मग ते समुद्रावरच झालं."

नरेशने माझ्याकडे बघितलं. मला उत्तर सुचलं होतं, पण ते भास्करच्या बाजूचं होतं.

दुसऱ्यांदा गेला तर दारावरच्या शिपायाने विचारलं, कुठे चाललात? तिथूनच परत. तिसऱ्या खेपेला दिनेशने डोकं चालवलं. "कानात कापूस घाल. ऐकूच आलं न्हाई तर विचारल्यालं धरत न्हाईत."

भास्कर दोन्ही कानांत कापूस घालून गेला. मॅडमनी विचारलं, तो हसला. मॅडमनी मोठ्याने विचारलं, तो आणखी हसला. त्या चांगल्या बाई, त्यांना वाटलं बिचाऱ्याला ऐकू कमी येतं. त्यांनी कोरा कागद घेतला, मोठ्या अक्षरात लिहिलं, कुठे निघालात, आणि कागद त्याच्याकडे फिरवला.

भास्कर कागदाकडे बघत राहिला. लिहिलेलं हे विचारलेलंच धरायचं की नाही, हे दांडीत कुणी ठरवलेलं नव्हतं. शेवटी त्याने विचार केला, होडी नवी आहे, उगाच कशाला. उठला आणि आला.

"आते, पाणी द्या."

वैशाली चिडली. "अहो आई, याला समजवा तुम्ही. आपल्या सगळ्यांची पत्रं आली. याच्यामुळे पुनव चुकेल आणि मग हाच रडेल."

दांडीहून फोन आला. हरीतात्या फोनवर फार बोलत नाहीत. "खलाशी विचारतात," एवढंच म्हणाले. भास्करने फोन ठेवला. त्या दिवशी ताटातलं मासळीचं कालवण त्याने तसंच ठेवलं. भास्करने कालवण ठेवलं म्हणजे मी उठायलाच हवं होतं.

* * *

मी लुगडं बदललं, बाईंशी बोलायला नरेशला बरोबर घेतलं आणि भास्करला म्हटलं, "चल."

तो तोंड उघडणार होता. मी म्हटलं, "गप. कुठे म्हणून विचारशील तर मला पण मागे फिरायला लागेल."

दारावर शिपाई उभा होता. मी त्याच्या पुढ्यात जाऊन सुक्या बोंबलाची पुडी उघडली, तो एकदम बाजूला झाला. काउंटरला पुष्पा मॅडम. भास्करला बघून त्यांचा चेहरा पडला. मी नरेशला पुढे केलं आणि म्हटलं, "सांग बाईंना. आमच्याकडे निघालेल्या माणसाला कुठे चाललास म्हणून विचारत नाय. विचारलं तर मागे फिरतात, बसतात, पाणी पितात. हा पोरगा नवी होडी पाण्यात लोटायला निघालाय, म्हणून सारखा पळतो. वेडा नाय तो."

नरेशला सांगायची लाज वाटत होती. तो इंग्रजीत फार वेळ घेत होता, मधेमधे सॉरी म्हणत होता. मॅडमनी त्याला मधेच थांबवलं. त्यांनी कपाळावर हात मारला आणि माझ्याकडे बघून तमिळमध्ये भरभर काहीतरी बोलल्या. मला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. मग त्यांनी नरेशला इंग्रजीत सांगितलं, त्यांची आई घरी तेच करते. पाणी पाजून परत पाठवते. लहानपणी शाळेला उशीर व्हायचा त्याचं कारणच ते.

मॅडमनी ड्रॉवर उघडला, पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून भास्करपुढे धरली. समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. भास्कर बसला, पाणी प्यायला. मग त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. भास्कर उठून दाराबाहेर गेला, शिपायाला वळसा घालून परत आत आला, आणि काउंटरपुढे नव्याने उभा राहिला.

मॅडमनी तोंडातून शब्द काढला नाही. कुठे, ते त्यांनी पासपोर्ट बघून लिहिलं. कधी, ते कंपनीच्या कागदावरून लिहिलं. कागद फिरवला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. रांगेतली माणसं गप्प उभी. एवढं शांत टॅक्सचं ऑफिस कुणी बघितलं नसेल.

भास्करने सही केली. तो वाकून मॅडमच्या पाया पडायला लागला, तर मधे काउंटर.

मॅडम नरेशला म्हणाल्या, होडी पाण्यात जाईल तेव्हा मला दाखवा.

* * *

पत्र आलं तसा दिनेशच्या अंगात सत्काराचं वारं शिरलं. "मॅडमला मोकळ्या हातानं सोडायचं? शाल-श्रीफळ द्यायला पायजे."

शाल मिळाली नाही. नारळ मिळाला. नरेश सांगत होता, तिकडे अधिकाऱ्याला काही द्यायचं नसतं. दिनेश म्हणाला, नारळ म्हणजे वस्तू नव्हे, मान असतो.

त्याने काउंटरवर नारळ ठेवला आणि नमस्कार केला. मॅडमनी नारळ त्याच्याकडे सरकवला. दिनेशला वाटलं, बाई लाजतायत. त्याने परत सरकवला. असं बराच वेळ चाललं. मग मॅडमच्या वरचे साहेब आले. त्यांनी नारळ हातात घेऊन वरखाली बघितला, हलवून बघितला, आणि एक चिठ्ठी लिहून नारळाला चिकटवली. परत घेतल्याची सही दिनेशला करायला लागली.

म्हणजे तिघांनीही तिकडे टॅक्सच्या कागदावर सही केली. दिनेशने टॅक्सवर केली आणि नारळावरही केली. तो नारळ मी फोडला, कोलंबीच्या कालवणात घातला. चिठ्ठी दिनेशने पामच्या घरी फ्रेम करून लावली आहे. पाहुण्यांना सांगतो, मलेशिया सरकारने दिलेलं प्रमाणपत्र.

* * *

आता उरलं विमानतळ. विमानतळावर लोकांना दुसरं कामच नाही. बॅगा घेणारी मुलगी गोड हसून म्हणाली, कुठे निघालात आज? भास्कर बॅगेवर बसला, बाटली काढली, प्यायला, उठला. शिक्का मारणाऱ्या साहेबाने विचारलं, परत पाणी. मागची रांग कुजबुजायला लागली, तर दिनेश सगळ्यांना सांगत होता, "मेडिकल हाय, मेडिकल."

पुढे तपासणीला म्हणाले, पाण्याची बाटली आत न्यायची नाही. उरलेलं पाणी टाकून देणं भास्करच्या जिवावर आलं. पुढे अजून कोण कोण विचारेल कुणास ठाऊक. त्याने बाटली तिथेच उभ्याने संपवली. पुढे विचारणाऱ्यांचं आधीच पिऊन ठेवलं, म्हणाला.

विमानात तो जागेवर कमी बसला आणि संडासाच्या रांगेत जास्त उभा राहिला. शेवटी एकदाचा येऊन बसला, तर हवाई सुंदरी वाकून म्हणाली, "सर, पाणी?"

भास्कर हात जोडून म्हणाला, "बाई, आता कुठे चाललो ते विचारा. पण पाणी नको."

* * *

पुनवेच्या दिवशी आम्ही दांडीला पोचलो. बॅगा गाडीतच. किनाऱ्यावर अख्खं गाव. होडीला नवा रंग, पताका, पुढच्या टोकाला झेंडूचा हार. खलाशी आलेले. हरीतात्या होडीला टेकून उभे होते. इतक्या वर्षांनी लेक समोर आला, तर त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि म्हणाले, "बारीक झालास." आणि तोंड फिरवून दोराची गाठ बघायला लागले. गाठ चांगली बसलेली होती.

पाणी चढत चढत होडीखाली आलं. भास्करने कपाळ होडीला लावलं, मग खांदा लावला. दिनेशने हाळी दिली, ती साताऱ्याकडची होती, पण चालली. दोनदा होडी हलली आणि थांबली. तिसऱ्यांदा खालून लाट आली, आणि होडी अशी उचलली गेली जसं झोपलेलं मूल आई उचलते. तरंगली. तात्या तेव्हा कुठे रडले.

वैशालीने मला मोबाईल लावून दिला. आत पुष्पा मॅडम, त्यांच्या ऑफिसातल्या खुर्चीत. मागे त्या चारजणी आणि नारळाला चिठ्ठी लावणारे साहेबसुद्धा. मी फोन उंच धरला. भास्कर होडीत चढला, तात्या सुकाणूला बसले, इंजिन सुरू झालं. गावात कुणी तोंड उघडत नव्हतं. पोरांच्या तोंडावर आयांनी हात ठेवलेले. कुणी टाटासुद्धा केलं नाही. होडी निघाली.

चांगली निघाली. पताका फडफडत, सरळ, पाणी कापत.

आमच्या बाजूला समुद्रावर पोलिसांची गस्तीची बोट फिरते, जवळच वीजकेंद्र आहे म्हणून. त्या दिवशी त्या बोटीवर कुणी नवा पोरगा होता. वरच्या गावाकडचा असावा, बोलणं फार अदबीचं. नवी होडी दिसली तशी त्याने बोट जवळ घेतली, भोंगा तोंडाला लावला, आणि किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं विचारलं,

"नमस्कार काका, कुठे निघालात?"



होडीत भास्करने तात्यांकडे बघितलं. तात्यांनी सुकाणू किनाऱ्याकडे फिरवलं.

मी माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. होडी मागे वळलेली बघून तिकडे पुष्पा मॅडमनी ड्रॉवर उघडला, पाण्याची बाटली काढली, झाकण फिरवलं आणि बाटली आमच्याकडे पुढे धरली.